टिकटिक ऐकू येईल तोवर

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या बाईच्या घरात एकही घड्याळ नव्हतं, आणि त्यात तिला काही वावगंही वाटत नसे. दिवसभर भिंतभर घड्याळांची बडबड ऐकायची आणि घरी येऊन पुन्हा तीच ऐकायची, एवढा काही आपल्या कानांनी गुन्हा केलेला नाही, असं ती म्हणायची. त्यावर धाकटी बहीण म्हणायची, "आणि आपल्याला घड्याळ लागतंय कशाला? तू आहेस ना."

ते अगदी शब्दशः खरं होतं. थोरलीच्या हृदयातली एक झडप धातूची होती. बऱ्याच वर्षांपूर्वी मूळची निकामी झाली तेव्हा डॉक्टरांनी ती बसवली आणि रोजची गोळी चुकवायची नाही असं चारचारदा बजावलं. आवाजाचं मात्र जाता जाता, दाराशी उभं राहून सांगितलं, भाड्याच्या घरात ढेकूण असल्याचं मालक सांगतो तसं. शांत खोलीत तो आवाज स्पष्ट यायचा. टिक, टिक, टिक. बाजारात कुणालाच त्याचा पत्ता नव्हता. घड्याळांच्या दुकानात आणखी एक टिकटिक कोण वेगळी काढणार? पण घरी एका खोलीत दोन खाटांवर दोघी झोपायच्या. पहिले काही दिवस धाकटीनं उशी कानावर दाबून काढले. मग उशी डोक्याखाली आली. मग अशी वेळ आली की थोरली कुशीवर वळली आणि आवाज गादीत दबला, की धाकटीला जाग यायची.

"ताई, आहेस ना?"

"नाही, गेले. झोप आता."

दुकानही दोघींचंच. वडिलांनी मागे ठेवलेलं, एका गल्लीत, चष्म्याचं दुकान आणि किल्ल्या करणारा यांच्या मध्ये दाटीवाटीनं बसलेलं. थोरली आत टेबलाशी, डोळ्याला भिंग लावून. धाकटी पुढे काउंटरवर. पट्टे बदलणं, सेल घालणं, गिऱ्हाइकाशी बोलणं, आणि गिऱ्हाइकाशी बोलून झाल्यावर गिऱ्हाइकाबद्दल बोलणं, हे सगळं खातं तिचं. थोरलीनं बोलायची सवयच लावून घेतली नव्हती. घरात एक तोंड पुरतं, दुसरं कशाला झिजवा?

पण दुरुस्तीतलं एक काम मात्र धाकटीशिवाय व्हायचं नाही. थोरली घड्याळ उघडायची, धुवायची, तेल द्यायची, जुळवायची, आणि मग ते न बोलता धाकटीच्या हातात ठेवायची. धाकटी ते कानाशी धरायची, डोळे मिटायची आणि सांगायची, "मागे चाललंय." नाहीतर, "पुढे चाललंय." आणि कधी नुसतं, "बरं आहे." 'बरं आहे' म्हटल्याशिवाय घड्याळ गिऱ्हाइकाला जायचं नाही. घड्याळाची चाल मोजायचं एक यंत्र वडिलांनी घेऊन ठेवलं होतं. धाकटीचा कान त्याच्यापेक्षा बिनचूक आहे की नाही यावर दोघी भांडायच्या, आणि पुढे यंत्रच बिघडल्यामुळे धाकटी आपोआप जिंकली.

अशी ही धाकटी, पन्नाशी उलटल्यावर, लग्न करून दुसऱ्या शहरात निघून गेली.

मेहुणे घड्याळ घेऊनच आले होते. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, उंचेपुरे, सावकाश बोलणारे, सगळी नोकरी रस्त्यांची मोजणी करण्यात घालवलेले. म्हणाले, हे अधूनमधून थांबतं. थोरलीनं उघडून पाहिलं, काही नव्हतं. ते पुन्हा आले. पुन्हा काही नव्हतं. तिसऱ्यांदा आले तेव्हा धाकटीनं ते घड्याळ जरा जास्तच वेळ कानाशी धरलं, आणि थोरलीच्या लक्षात आलं की बिघाड घड्याळात नाही. "तेव्हाच मी ते घड्याळ फोडलं असतं तर," असं ती पुढे म्हणायची. लोक हसायचे. तीही हसायची, पण अर्धंच.

निघताना धाकटी रडली. थोरली म्हणाली, "रडतेस कशाला? मला काय होतंय? मी आणि माझी घड्याळं." तिला म्हणायचं होतं की माझी काळजी करू नकोस. ऐकणारीला वाटलं, तुझ्यावाचून माझं काही अडत नाही. तोंड झिजवायची सवय नसली की असं होतं.

जायच्या आधी धाकटीनं थोरलीच्या फोनमध्ये एक ॲप घालून दिलं होतं. फोन घड्याळाशेजारी ठेवायचा, की ते ॲप टिकटिक ऐकतं आणि घड्याळ पुढे चाललंय की मागे, ते रेघ काढून दाखवतं. "माझ्या कानाची बदली," धाकटी म्हणाली होती. "मी सगळं लावून ठेवलंय, तुला काही दाबत बसावं लागणार नाही." थोरलीनं नाक मुरडलं. पितळेच्या भांड्याच्या जागी प्लास्टिकचा डबा आणावा तसं तिला ते वाटलं.

धाकटी रोज संध्याकाळी फोन करायची, नेमकी दुकान बंद करायच्या वेळेला. त्या वेळेला दोघी मिळून घरी चालत यायच्या ना. किल्लीवाल्याच्या टपरीवरून, शाळेच्या लांब भिंतीच्या कडेनं, पूल ओलांडून. आता थोरली एकटी चालायची आणि धाकटी तिच्या कानात चालायची. तिकडचं स्वयंपाकघर केवढं मोठं आहे, मेहुणे दाढी करताना कसे गुणगुणतात, शेजारीण कशी चौकस आहे. थोरली हं, हं म्हणत पूल ओलांडायची. फोन वाजला नि कळला नाही असं होऊ नये, म्हणून तिनं तो ड्रॉवरमधून काढून ॲप्रनच्या खिशात, छातीवर ठेवायला सुरुवात केली होती. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. विचारलं असतं तर म्हणाली असती, ड्रॉवरमध्ये जागा नाही.

फोन आपणहून करायचा मात्र नाही. तेही खातं धाकटीचंच. तिकडे आता तिचं घर, तिची माणसं. आपण भलत्या वेळी कशाला घंटा वाजवा?

अशी दोनेक महिने गाडी रुळावर होती. मग एका संध्याकाळी शटर ओढून थोरलीनं खिशातून फोन काढला, तर तो मेलेला. घरी जाऊन चार्जिंगला लावला. दुसऱ्या दिवशीही तेच. सकाळी भरलेला फोन दिवस कलायच्या आत रिकामा. तिनं पडद्याचा उजेड कमी केला, कधी न वापरलेल्या गोष्टी चाचपडत बंद केल्या, आवाज बारीक केला. घोडं कुठे पेंड खातंय ते काही कळेना. आणि नेमकी संध्याकाळीच बॅटरी संपायची, म्हणजे नेमका धाकटीचा फोन चुकायचा. एक दिवस चुकला, दोन दिवस, आठवडाभर चुकत राहिला. घरी पोचून उलटा फोन करावा, तर तिकडे जेवणाची वेळ. उद्या करेल तीच, असं म्हणून थोरली पानावर बसायची.

शेवटी धाकटीनं सकाळीच फोनवर गाठलं.

"तुला बोलायचं नसेल तर तसं सांग ना. फोन बंद कशाला करून ठेवतेस?"

"बॅटरी उतरते."

"रोज? त्याच वेळेला?"

"हो."

"अख्ख्या गावाची घड्याळं चालवतेस तू, आणि स्वतःचा फोन चालवता येत नाही? ताई, थाप मारायची तर निदान रोज नवी मार."

थोरलीला बरंच काही म्हणता आलं असतं. ती म्हणाली, "गिऱ्हाईक आलंय." गिऱ्हाईक खरंच आलं होतं, पण ते कोण मानणार?

"बरं," धाकटी म्हणाली. तिचा आवाज एकदम सरळ झाला, इस्त्री केल्यासारखा. "आता मी नाही करत. तुला वाटेल तेव्हा तू कर."

त्या दिवसापासून फोन थांबले.

आता मिनतवाऱ्या करायच्या, तर त्यालाही काहीतरी हातात हवं. नुसतं 'खरंच गं, बॅटरीच उतरत होती' असं सांगितलं, तर ते आधीच एकदा सांगून झालं होतं आणि त्याचं काय झालं तेही दिसलं होतं. थोरलीनं मनाशी ठरवलं की बिघाड शोधायचा, मुळाशी जायचं, आणि मग फोन करून सांगायचं: हे बघ, हे असं होतं, मी थाप मारत नव्हते. कारण सापडल्याशिवाय दुरुस्ती म्हणजे दुरुस्तीच नव्हे, असं वडील सांगायचे. हे बहिणींनाही लागू पडतं की नाही, ते मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं.

तिनं फोनकडे घड्याळ म्हणून बघायला सुरुवात केली. बंद पडणारं घड्याळ आलं की आपण काय करतो? एकेक गोष्ट बदलून बघतो. झोपताना तिनं फोन पूर्ण भरून उशाशी ठेवला, हात लावला नाही. सकाळी बघते तर निम्म्याच्या खाली. दुसऱ्या दिवशी तसाच भरून स्वयंपाकघरात ठेवला, पिठाच्या डब्यावर. सकाळी जवळजवळ भरलेला. पुन्हा उशाशी, पुन्हा रिकामा. पुन्हा स्वयंपाकघर, पुन्हा भरलेला.

खिडकीचा वारा, भिंतीतली वायर, गादीची ऊब, तिनं सगळे संशय घेऊन पाहिले. उशाची जागा बदलली. धाकटीच्या रिकाम्या खाटेवर ठेवून पाहिला. तरी उतरलाच, जरा कमी एवढंच. शेवटी एकच गोष्ट उरली, आणि ती तिला दात घासताना सुचली. फोन माझ्यापासून लांब असला की टिकतो. माझ्याजवळ राहिला की संपतो.

ती आरशात बघत राहिली. तोंडात फेस होता, म्हणून हसू आलं. आपल्याजवळ जे राहतं ते उतरतच जातं का? धाकटी इतकी वर्षं जवळ राहिली. तिकडे गेल्यापासून तिचे गाल भरलेत, असं मेहुण्यांनी पाठवलेल्या फोटोत दिसत होतं.

एवढ्यानं ती बधली असती तर थोरली कसली? चूळ भरून ती दुकानात गेली, आणि टेबलावरच्या दिव्याची पिन काढून तिथे चार्जर खोचला. अंधूक उजेडात काम करायचं, पण संध्याकाळी फोन जिवंत ठेवायचा. त्या दिवसापासून तो रोज संध्याकाळी जिवंत राहिला. शटर ओढायच्या आधी ती तो छातीवरच्या खिशात टाकायची, जरा बसायची, किल्लीवाल्याची टपरी बंद होताना बघायची. फोन वाजायचा नाही. मग उठून चालू लागायची. शाळेची भिंत एवढी लांब आहे, हे तिला नव्यानं कळत होतं.

गल्लीच्या टोकाला फोन दुरुस्त करणारा बसायचा. सगळा बाजार त्याला रेडिओ म्हणायचा. एकतर तो पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचा म्हणून, आणि दुसरं, तो कधी बंद व्हायचा नाही म्हणून. थोरलीनं आधी एकदा त्याला फोन दाखवला होता. त्यानं बॅटरी म्हातारी झाली म्हणून नवी घातली होती. नवी बॅटरीही जुनीसारखीच वागायला लागली तेव्हा ती दुपारच्या निवांत वेळी पुन्हा त्याच्या टपरीत जाऊन बसली.

"पुन्हा तेच? बाई, तुम्ही काय पिक्चरबिक्चर बघता की काय दिवसभर?"

"घड्याळं बघते," थोरली म्हणाली. "भाऊ, मला बॅटरी नको. मला कारण हवंय. कोण खातंय ते सांगा."

कारण विचारणारं गिऱ्हाईक रेडिओला क्वचित भेटत असावं. तो एकदम सरसावून बसला. फोन हातात घेतला आणि वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"हा हिरवा ठिपका कधीपासून आहे?"

आहे खरा, थोरली म्हणाली. बरेच दिवस आहे. हिरवा म्हणजे सगळं ठीक आहे, असं ती समजत होती.

रेडिओनं कपाळाला हात लावला. "बाई, हिरवा म्हणजे फोनचा कान उघडा आहे. कुणीतरी ऐकतंय." मग तिचा चेहरा बघून घाईनं म्हणाला, "चोरबीर नाही हो. तुमच्याच फोनमधलं कुणीतरी. थांबा, चोराला घरातच पकडू."

त्यानं फोनच्या पोटात शिरून बॅटरी कोणी किती खाल्ली त्याचा हिशेब उघडला. सगळ्यात वर, बाकी सगळ्यांना मिळून पुरून उरेल एवढा घास घेऊन, एक नाव बसलं होतं. थोरलीनं ते एकदाच वापरलं होतं. धाकटीनं घालून दिलेलं ते घड्याळाचं ॲप.

तिला तो दिवस आठवला. एका वृद्ध गृहस्थांचं मनगटी घड्याळ तिनं जुळवून संपवलं होतं आणि सवयीनं, मान वर न करता, हात काउंटरकडे लांब केला होता. घड्याळ हवेत तसंच राहिलं. कुणी घेतलं नाही. थोरली बराच वेळ त्या स्वतःच्या हाताकडे बघत बसली. मग कुणाला तरी ऐकवायचंच, म्हणून तिनं ते ॲप उघडलं, फोन घड्याळाजवळ ठेवला, रेघ सरळ आलेली बघितली आणि बाजूचं बटण दाबून पडदा काळा केला. काळा झाला म्हणजे बंद झालं. काटे थांबले म्हणजे घड्याळ थांबलं, तसंच.

"ते बंद झालंच नव्हतं," रेडिओ सांगत होता. "हे बघा, इथे कुणीतरी निवडून ठेवलंय: 'टिकटिक ऐकू येईल तोवर चालू राहा.' टिकटिक थांबली की हे डुलकी काढतं, पुन्हा ऐकू आली की उठून कामाला. फोन मरून पुन्हा चालू झाला तरी तेच. आणि तुम्ही याला घेऊन बसलात कुठे, तर घड्याळांच्या दुकानात!" तो मनापासून हसला. "दारुड्याला गुत्त्याची राखण दिलीत तुम्ही."

थोरलीही हसली. तिचा जीव एकदम हलका झाला. सापडलं कारण. साधं, सरळ, कुणालाही सांगता येईल असं. संध्याकाळी फोन करून सांगायचं: तूच घातलेलं ॲप, तूच निवडून ठेवलेलं, आणि मलाच थापाडी म्हणालीस. हे वाक्य तिनं मनात दोनतीनदा घोळवलंही. फार छान बसत होतं.

तिनं सहज म्हणून विचारलं, हे सगळं ऐकतंय तर फोनवर बोलताना आमच्या दुकानातली टिकटिक पलीकडच्याला ऐकू जाते का? रेडिओ म्हणाला, छे. फोन बोलताना गाळणी लावतो. माणसाचा शब्द तेवढा पुढे धाडतो. पंखा, टिकटिक, भांडी, सगळा कचरा समजून अलीकडेच टाकतो. "नाहीतर माझ्या बायकोला इथलं सगळं ऐकू गेलं असतं. जेवायला मिळालं नसतं."

बोलता बोलता त्यानं ॲप उघडून आतल्या रेघा सरकवायला घेतल्या होत्या. त्याचं बोट थांबलं.

"रविवारी दुकान उघडलं होतं?"

"नाही."

"मग रविवारी घरी कुठलं घड्याळ होतं जवळ?"

घरी घड्याळ नाही, असं थोरली सांगणार होती.

"दुकानात हे गोंधळतंय, दहा घड्याळं एकदम. पण घरी एकच आहे. रोज तेच एक," रेडिओ म्हणाला. त्यानं चष्मा वर केला आणि फोन डोळ्यांजवळ नेला. "पण बाई, राग मानू नका, हे घड्याळ बेकार आहे. केवढं मागे चाललंय! हे बघा, ॲपसुद्धा लिहितंय. 'चाल अनियमित. अवस्था असमाधानकारक. दुरुस्तीला द्यावे.'"

थोरलीच्या गळ्यातून एक चमत्कारिक आवाज निघाला. रेडिओला वाटलं, तिला ठसका लागला. त्यानं पाण्याची बाटली पुढे केली.

पाणी पिताना तिचं सगळं जुळत गेलं. उशाशी ठेवला की उतरतो. पिठाच्या डब्यावर टिकतो. धाकटीच्या खाटेवर जरा कमी. दिवसभर खिशात, छातीवर. टिकटिक ऐकू येईल तोवर चालू राहा. धाकटीनं इतकी वर्षं केलं तेच काम हा फोन मुकाट्यानं करत होता, आणि त्यात दमून पडत होता.

"आणि ही आणखी एक गंमत," रेडिओ म्हणाला. त्याला आता घड्याळात रस निर्माण झाला होता. "हे गेल्या काही दिवसांतलं. एरवी आपलं रेंगाळत चालतंय. पण संध्याकाळ झाली, की रोज बघा, रोज, एकदम पुढे पळायला लागतं. ही रेघ चढली. ही पण चढली. मग जरा वेळानं धपकन खाली. असं का हो करतं?"

थोरलीनं फोन हातात घेतला. चढलेल्या रेघेखाली वेळ दिसत होती. शटर ओढायच्या आधीची. ती खुर्चीत नुसती बसून, किल्लीवाल्याची टपरी बंद होताना बघायची, तेव्हाची. चालण्यामुळे म्हणावं, तर चालायला अजून सुरुवातही झालेली नसायची. रेघ चढायची, वर थरथरत राहायची, आणि पूल येईतो खाली यायची.

'मला काय होतंय? मी आणि माझी घड्याळं.' थापाडी म्हणाली होती धाकटी. बॅटरीच्या बाबतीत तिचं चुकलं होतं.

"काय बाई?" रेडिओनं विचारलं. "तुमचा धंदा आहे. घड्याळ असं मधेच पुढे का पळतं?"

"चुंबक लागलं की पळतं," थोरली म्हणाली. हे अगदी खरं होतं. कुठल्याही घड्याळवाल्याला विचारा. "जवळ कुठे चुंबक असलं, की आतली स्प्रिंग आवळते, आणि मग ते आपल्या हातात राहत नाही."

"मग त्यावर उपाय?"

"असतो. यंत्र मिळतं." तिनं बाटलीचं झाकण लावलं. "पण जुनं घड्याळ आहे. राहू दे."

रेडिओला ते पटलं. त्यानं विचारलं, ॲप उडवून टाकू ना? एका बोटाचं काम आहे. त्याचं बोट पुढे गेलंसुद्धा, आणि थोरलीनं फोन पटकन मागे ओढला. इतके दिवस, रात्रंदिवस, कुणीतरी ऐकत होतं. बेकार घड्याळ म्हणून का होईना, टाकून दिलं नव्हतं.

"उडवू नका," ती म्हणाली. "झोपवा फक्त."

रेडिओनं त्याचा कान बंद केला. कोपऱ्यातला हिरवा ठिपका विझला. थोरलीला वाटलं होतं त्यापेक्षा ते जास्त जाणवलं.

संध्याकाळी तिनं काउंटर पुसला, भिंग डबीत ठेवलं, शटर ओढलं. फोनमध्ये भरपूर बॅटरी होती. ती नेहमीच्या वेळेपर्यंत थांबली, वाजणार नाही हे ठाऊक असून. किल्लीवाल्यानं टपरीला कुलूप घातलं, तिच्याकडे बघून मान हलवली आणि गेला. दुपारी घोळवलेलं वाक्य जिभेवर तयार होतं. तूच घातलेलं, तूच निवडलेलं, आणि मलाच थापाडी म्हणालीस. पुरावा खिशात होता. पण त्या पुराव्याला संध्याकाळच्या रेघेचं शेपूट होतं, आणि ते झाकून नुसतं तोंड दाखवता येत नव्हतं.

तिनं धाकटीचं नाव शोधलं. आजवर हे नाव तिच्या फोनवर आपोआप उगवायचं. ते कुठे राहतं हे तिला शोधावं लागलं. मग तिनं ते दाबलं.

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला असेल, असं तिला वाटलं. ऐकू आला तो फक्त श्वास, आणि मग, "ताई? काय झालं? बरी आहेस ना?"

"बरी आहे. बिघाड सापडला फोनचा."

"अच्छा," धाकटी सावधपणे म्हणाली. "कोण खात होतं बॅटरी?"

थोरली शटरला पाठ टेकून उभी होती. समोरून एक बाई पिशव्या सावरत गेली, दोन सायकली गेल्या. वाक्य तयार होतं. तिनं ते गिळलं.

"मी."

"म्हणजे?"

मग थोरलीनं सांगितलं. तोंड झिजवायची सवय नसल्यामुळे उलटसुलट सांगितलं: आधी पिठाचा डबा, मग हिरवा ठिपका, मग हवेत राहिलेला हात, मग रेडिओ आणि 'दुरुस्तीला द्यावे'. तिथे धाकटी फसकन हसली. शेवटी संध्याकाळची रेघही सांगितली. ती सांगताना थोरलीचा आवाज तिला स्वतःला न शोभेल इतका बारीक झाला. "दुकान बंद करायच्या वेळेला चढते," ती म्हणाली. "तू फोन करायचीस ना, तेव्हा. तू करत नाहीस तरी चढते."

बॅटरी गेली की काय, म्हणून थोरलीनं फोन कानापासून काढून बघितला. होती.

"मला इकडे झोप लागत नाही," धाकटी म्हणाली. "त्यांनी भिंतीवर घड्याळ आणून लावलं माझ्यासाठी. केवढं मोठ्यानं वाजतं मेलं. पण ते काही तसं नाही." ती नाक पुसत असावी. "ताई, जवळ धर ना जरा. ऐकू दे."

"रस्त्यात उभी आहे मी."

"मग काय झालं? धर."

थोरलीनं इकडे तिकडे पाहिलं. चष्म्याच्या दुकानातली मुलगी काचेआडून बाहेरच बघत होती. बघू दे. तिनं फोन छातीवर, डावीकडे, रोजच्या खिशाच्या जागेवर धरला, आणि एरवी धाकटी मिटायची तसे डोळे मिटून उभी राहिली. गल्ली चालू होती. कुणीतरी शटर ओढलं, कुणीतरी कुणाला तरी हाक मारली. तिनं पुरेसा वेळ जाऊ दिला आणि फोन पुन्हा कानाला लावला.

"आलं का ऐकू?"

"आलं," धाकटी म्हणाली. "पुढे चाललंय."

फोनची गाळणी किती बारीक असते, आणि ती काय काय कचरा समजून अलीकडेच टाकते, हे थोरलीला त्याच दुपारी कळलं होतं. तिनं ते धाकटीला सांगितलं नाही. थाप मारायची तर अशी मारावी.

"चालू दे," ती म्हणाली, आणि शाळेच्या भिंतीकडे वळली. "हं, सांग. शेजारीण काय म्हणते?"